क्लच सुटत नाही : तंजावरची एक जुनी बुलेट

तंजावरवर बोलायचं म्हटलं की मी नेहमी सरफोजी राजे, सरस्वती महाल आणि मोडीचे रुमाल यांच्याबद्दल बोलतो. आज विषय वेगळा आहे. आज मी एका मोटारसायकलबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही फक्त तिच्या क्लचबद्दल. हा इतिहासाचा विषय कसा, असं तुम्ही म्हणाल. शेवटपर्यंत थांबा, मग ठरवा.

मी दोन वर्षांपासून तंजावरात राहतो. मोडी कागद वाचणं हे माझं काम. ज्यांच्या घरी मी भाड्याने राहतो ते ७९ वर्षांचे गृहस्थ तंजावरी मराठी. मी त्यांना काका म्हणतो. पाटबंधारे खात्यात त्यांची नोकरी झाली. कावेरीच्या कालव्यांच्या बांधांवरून, कल्लणैपासून खाली शेतांपर्यंत, हा माणूस तीस वर्षं बुलेटवर फिरला. गाडी १९७२ सालची, ३५० सीसीची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. मी इथे आल्यावर काकांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, उभी राहून गंजण्यापेक्षा तू चालव.

मी ती चालवली, आणि माझ्या हातून काकांचं मनगट दुखावलं. झालं असं.

फाटकावरची सकाळ

पुरट्टासी महिना. तमिळनाडूत या महिन्यातल्या शनिवारी पेरुमाळच्या देवळात गर्दी असते. काकांना पहाटे देवळात जायचं होतं. सहा वाजता आम्ही निघालो, काका मागे बसलेले. दहा मिनिटांत रेल्वेचं फाटक लागलं आणि ते बंद होतं. मी क्लच पूर्ण दाबून गाडी पहिल्या गिअरमध्ये धरून ठेवली, कारण न्यूट्रल सापडत नव्हतं. क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे सरकत होती. मी पुढचा ब्रेक दाबून ती थोपवली. काका म्हणाले, मी उतरतो, पाय मोकळे करतो. ते एक पाय टाकून उतरत होते तेवढ्यात माझा ब्रेकवरचा हात ढिला झाला आणि गाडीने हातभर उडी घेतली. काका हातावर पडले.

डॉक्टरांनी मनगटाला तीन आठवड्यांचं प्लास्टर घातलं. संध्याकाळी बंगळूरहून त्यांच्या मुलाचा फोन आला. तो शांतपणे बोलला, पण जे बोलला ते योग्यच होतं. "बाबांना त्या गाडीवर पुन्हा बसवू नका. तिचं आयुष्य संपलंय. भंगारवाल्याला द्या." काका शेजारी बसून ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, "पन्नास वर्षांत ती अशी कधी वागली नव्हती."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. जे पन्नास वर्षांत झालं नाही ते आत्ताच का व्हावं?

मेस्त्रीचे प्रश्न

दुसऱ्या दिवशी मी गाडी ढकलत कीळवासलच्या एका गल्लीत नेली. तिथे एक वयस्कर तमिळ मेकॅनिक फक्त जुन्या बुलेट बघतात. सगळे त्यांना मेस्त्री म्हणतात. हा शब्द आपल्याकडे कोकणात आणि गोव्यातही आहे, आणि दोन्हीकडे तो पोर्तुगिजांकडून आला.

तमिळमध्ये या दुखण्याला म्हणतात, क्लच 'इळुक्कुदु', म्हणजे ओढतोय. आपल्याकडे म्हणतात, क्लच सुटत नाही. उलट दुखणं असतं ते क्लच सरकण्याचं. तेव्हा इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. ही दोन दुखणी एकमेकांची शत्रू आहेत. एकाचा उपाय जास्त झाला की दुसरं उभं राहतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला वाटलं होतं मेस्त्री लगेच पाना घेतील. त्यांनी पाना घेतला नाही. प्रश्न विचारले. कधीपासून होतंय? मी म्हटलं, महिना झाला. सकाळी जास्त की दुपारी? विचार केल्यावर आठवलं : सकाळी गाडी धरते, अर्धा-पाऊण तास चालली की सोडते. म्हणूनच मी दुर्लक्ष करत होतो. तिसरा प्रश्न : शेवटचा हात कुणाचा लागला? मी म्हटलं, कुणाचाच नाही, मी फक्त केबल आवळली.

मंडळी, मी कागद वाचणारा माणूस. मोडीचा तुकडा समोर आला की मीही हेच विचारतो. हा कागद कधीचा, कोणत्या प्रसंगाचा, आणि मूळ लिहिणाऱ्यानंतर त्यावर कुणाचा हात फिरला? मेस्त्रींनी मला माझीच पद्धत शिकवली, आणि मी तिसऱ्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं. मुद्दाम नव्हे. मी विसरलो होतो. पण साक्षीदार विसरतो म्हणून तर कागद लागतात.

आधी क्लच म्हणजे काय ते बघू

इंजिन चालूच ठेवायचं आणि चाक थांबवायचं, ही मोटारसायकलची पहिली अडचण. सुरुवातीच्या गाड्यांना क्लचच नव्हता. इंजिनवरून चामड्याचा पट्टा थेट मागच्या चाकावर जायचा. गाडी सुरू करायची तर ढकलत पळायचं आणि उडी मारून बसायचं. थांबायचं तर इंजिन बंद करायचं. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या एनफिल्ड कंपनीने १९०१ साली काढलेली पहिली मोटारसायकलही पट्ट्यावरच चालायची.

पुढे याच कंपनीने दोन वेगांची एक युक्ती काढली. इंजिनपासून दोन वेगवेगळ्या साखळ्या, आणि प्रत्येक साखळीला आपला क्लच. एक क्लच पकडला की गाडी हळू, दुसरा पकडला की जोरात, आणि दोन्ही सोडले की गाडी मोकळी. म्हणजे या घराण्यात एके काळी क्लच हाच गिअर होता.

बुलेटमध्ये आहे तो अनेक चकत्यांचा क्लच. एका डब्यात एकाआड एक चकत्या असतात. घर्षणाचं अस्तर असलेली एक, नुसती पोलादी एक, पुन्हा अस्तराची. अस्तराच्या चकत्या इंजिनकडून फिरतात, पोलादी चकत्या गिअरबॉक्सकडे जातात. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात तोवर सगळं एकत्र फिरतं. तुम्ही हँडलवरचा लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, गिअरबॉक्सच्या शाफ्टमधून आरपार गेलेली एक बारीक दांडी पुढे सरकते आणि बाहेरची दाबपट्टी उचलते. चकत्या मोकळ्या होतात.

पण किती मोकळ्या? समजा दाबपट्टी दीड मिलिमीटर उचलली गेली आणि आत आठ फटी आहेत. मग प्रत्येक फटीच्या वाट्याला मिलिमीटरचा पाचवा भागही येत नाही. या पाचव्या भागावर सगळा खेळ आहे. केबल थोडी ताणली, दांडीचं टोक झिजलं, एखादी चकती वाकली किंवा स्प्रिंगा कमी-जास्त आवळल्या गेल्या, की ही फट कुठेतरी मिटते आणि क्लच सुटेनासा होतो.

बाहेरून आत

मेस्त्रींचा नियम सोपा होता : स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी. बाहेरून सुरू करायचं आणि आत जायचं. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर हा क्रम लिहून ठेवा.

पहिला लिव्हर. त्याला मुळाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल हवी. ती फार असेल तर दाबपट्टी पुरेशी उचलत नाही. माझ्या लिव्हरला चाल अजिबात नव्हती. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी महिनाभर, गाडी ओढते म्हणून, केबल आवळत गेलो होतो. म्हणजे दांडी कायम दाबलेली, स्प्रिंगांचा जोर कमी झालेला, आणि भरधाव वेगात क्लच सरकून अस्तर जळण्याची तयारी. एका दुखण्यावर उपाय करताना मी दुसऱ्याला दार उघडलं होतं.

दुसरी केबल. दोन्ही टोकांना तारा तुटल्या आहेत का, टाकीखाली कुठे घडी पडली आहे का, आत तेल आहे का. माझी केबल ठीक होती.

तिसरी दांडी. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला एक लहान झाकण असतं. ते काढलं की दांडी कमी-जास्त करण्याचा स्क्रू आणि त्याचा नट दिसतो. आधी केबल सैल करायची, मग हा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्यायचा, जरासा मागे घ्यायचा आणि नट आवळायचा. त्यानंतरच केबलवर यायचं. पुष्कळ लोक, मी धरून, फक्त केबलशी खेळतात आणि या स्क्रूला विसरतात.

चौथी किकची परीक्षा. हिला एक पैसाही लागत नाही. या गाडीत किक गिअरबॉक्समधून आणि क्लचमधून इंजिनला फिरवते. म्हणून इंजिन बंद असताना क्लच दाबून किक मारली, तर किक सहज खाली जायला हवी, कारण मधला धागा तुटलेला असतो. ती जड गेली, इंजिन फिरवू लागली, तर चकत्या चिकटलेल्या आहेत. जुने बुलेटवाले रोज सकाळी क्लच दाबून दोन-तीन किका मारतात आणि मगच गाडी सुरू करतात, ते याचसाठी. रात्रभर दाबलेल्या चकत्या तेलाने एकमेकींना धरून बसतात, त्या सोडवायच्या असतात.

मेस्त्रींनी क्लच दाबला आणि हाताने किक खाली नेली. ती खळकन जायला हवी होती. ती रटाळपणे, चिखलातून पाय ओढावा तशी गेली. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "सकाळी धरते, तापल्यावर सोडते. हे चकत्यांचं नाही. चकती वाकली असती तर तापल्यावर जास्त धरली असती. हे तेलाचं आहे."

एका प्राध्यापकाच्या दोन गोष्टी

इथे जरा थांबून इंग्लंडमध्ये जाऊ. हेन्री सेल्बी हेली-शॉ नावाचे एक अभियंते होते, लिव्हरपूलला प्राध्यापक. १८९८ च्या सुमारास त्यांनी दोन काचा अगदी जवळ ठेवून, त्यांमधल्या बारीक फटीतून द्रव कसा वाहतो याचे प्रयोग केले. ते इतके गाजले की अशा फटीला आजही पदार्थविज्ञानात त्यांचंच नाव आहे.

याच माणसाने पुढे अनेक चकत्यांचा क्लच बनवला, आणि सुरुवातीच्या मोटारी व मोटारसायकलींना तो बसवला गेला. म्हणजे बारीक फटीतल्या द्रवाचा अभ्यास आणि अनेक चकत्यांचा क्लच, या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यातल्या. आणि आपलं दुखणं नेमकं या दोन्हींच्या मध्ये बसलेलं होतं.

दोन ओली ताटं एकमेकांवर ठेवून वरचं फिरवा. खालचंही फिरू लागतं. पाण्याऐवजी मध लावा, आणखी जोरात फिरेल. तेल जितकं दाट, फट जितकी लहान आणि वेगातला फरक जितका मोठा, तितकी ओढ जास्त. क्लचमध्ये चकत्या मोकळ्या झाल्या तरी फटीत तेल असतंच. ते पातळ असेल तर ओढ नगण्य. ते दाट असेल तर चकत्या एकमेकींना न शिवताही एकमेकींना फिरवतात. तापल्यावर तेल पातळ होतं आणि क्लच सुटतो. सकाळ-दुपारचं कोडं ते हेच.

वास

आता झाकण उघडायचं होतं. बुलेटच्या डाव्या बाजूचं मोठं झाकण, ज्यात इंजिनची साखळी आणि क्लच असतात, ते मधल्या एकाच मोठ्या नटवर बसलेलं असतं. डावा पायटा काढला, खाली परात ठेवली, नट सोडला. तेल पडलं नाही, उतरलं. थंडीतल्या काकवीसारखं.

मेस्त्रींनी बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि मग बोट माझ्या नाकाशी धरलं. गंधकाचा वास. आणि त्या वासाने मला सगळं आठवलं.

महिन्यापूर्वी मी गाडीचं तेल भरलं होतं. काकांच्या जुन्या वहीत गिअरबॉक्ससाठी गिअर तेलाचा उल्लेख होता. शेजारच्या शेतकऱ्याकडे ट्रॅक्टरचं १४० नंबरचं गिअर तेल उरलेलं होतं, ते मी मागून आणलं. आणि गिअरबॉक्सच्या तोंडाऐवजी डाव्या झाकणाच्या तोंडातून ओतलं, तेही पातळीचा स्क्रू न उघडता, अंदाजाने, काठोकाठ. गिअर तेलात दातांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधकाची संयुगं घालतात. इंजिन तेलाला तसा वास येत नाही.

आकड्यांचाही एक घोटाळा इथे सांगून ठेवतो. गिअर तेलाचे नंबर आणि इंजिन तेलाचे नंबर ही दोन वेगळी मापं आहेत. ९० नंबरचं गिअर तेल हे ५० नंबरच्या इंजिन तेलाच्या जवळपासच दाट असतं. आकडा मोठा दिसतो म्हणून दुप्पट दाट नव्हे. पण १४० हे मात्र खरोखरच खूप दाट, आणि क्लचमध्ये त्याचं काही काम नाही.

मी मेस्त्रींना सांगितलं, हा हात माझाच. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "गाडी म्हातारी झाली असं घरी सांगितलंत ना?"

दुरुस्ती

पुढचं काम दोन तासांचं. चकत्या एकेक करून काढल्या, क्रम लिहून ठेवला. रॉकेलमध्ये धुतल्या. पोलादी चकत्या खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर ठेवून डोळ्यासमोर धरल्या. कुठून उजेड दिसतो का, म्हणजे चकती वाकली आहे का, ते पाहिलं. एकही वाकली नव्हती. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्या हलक्या घासल्या. चकत्यांचे कान ज्या खाचांत सरकतात, त्या खाचांना अर्ध्या शतकात बारीक दाते पडले होते. कान तिथे अडकले की चकती सरकत नाही. मेस्त्रींनी ते दाते कानशीने काढले, पण मोजून. जास्त घासलं तर डबा सैल होतो आणि खडखडतो.

शेवटी स्प्रिंगा. सगळ्या सारख्या आवळल्या. मग मला लिव्हर दाबायला सांगून त्यांनी दाबपट्टी किकने हळूहळू फिरवून पाहिली. ती तिरकी उचलत असेल तर एका बाजूला चकत्या सुटतात आणि दुसऱ्या बाजूला धरतात. एक स्प्रिंग पाव फेरा सैल केली, पट्टी सरळ उचलू लागली. झाकण बसवलं, पातळ इंजिन तेल पातळीच्या स्क्रूमधून वाहू लागेपर्यंत भरलं, आणि केबलला तिची दोन मिलिमीटर चाल परत दिली.

क्लच दाबून किक मारली. खळकन खाली गेली.

मद्रासची बुलेट आणि तंजावरची मराठी

आता गाडीच्या घराण्याकडे येऊ, कारण इतकी जुनी गाडी तंजावरच्या गल्लीत दुरुस्त का होऊ शकते, याचं उत्तर तिथे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या शेवटी, रेडिचच्या कंपनीने बुलेटचं नवं रूप आणलं. ३४६ सीसीचं इंजिन आणि मागे झुलती चौकट. त्या काळात रेडिचच्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवायची ती बर्मिंगहॅमची अल्बिअन कंपनी. स्वतंत्र भारताच्या सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती. १९५० च्या दशकात सरकारने ८०० बुलेट मागवल्या. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून एनफिल्ड इंडिया उभी केली. मद्रासच्या उत्तरेला तिरुवोट्टियूरला कारखाना आला. आधी इंग्लंडहून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. मग यंत्रसामग्रीही इकडे आली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पूर्ण गाडी इथेच होऊ लागली.

नंतरची गोष्ट चमत्कारिक आहे. मूळ रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला आणि थोड्याच वर्षांत इंग्लंडमधलं उत्पादन पूर्ण थांबलं. मद्रासचा कारखाना चालूच राहिला. तोही पन्नाशीच्या दशकातलीच गाडी बनवत. १९७७ पासून इथून बुलेट परत इंग्लंडला जाऊ लागल्या. मूळ घर बंद झालं आणि शाखेने मूळ घराला माल पाठवला.

१९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या साथीने शंभर सीसीच्या हलक्या गाड्या आल्या आणि बुलेटचे दिवस वाईट आले. १९९४ मध्ये ती आयशर समूहाकडे गेली. नव्या शतकात गिअर डाव्या पायाला आला, मग इंजिनही बदललं. पण आपली १९७२ ची गाडी त्या आधीच्या काळातली. ती पानं आणि स्क्रू-ड्रायव्हर यांनी उघडते, आणि तिचे भाग अजून मिळतात, कारण तीच गाडी दशकानुदशकं बनत राहिली. सांगली-कोल्हापूरच्या गावात पाटलाच्या दारी जी बुलेट उभी असायची, ती याच तिरुवोट्टियूरची.

तंजावरच्या मराठीचंही मला काहीसं तसंच दिसतं. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथे आले आणि भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. त्यांनी छापखाना काढला आणि त्यातून मराठी पुस्तक छापलं. जगाचा भूगोल सांगणारं 'देवेंद्र कुरवंजी' हे त्यांचं नाटकही मराठीत आहे. राज्य गेलं, पण घराघरांतली भाषा राहिली. पुण्या-मुंबईची मराठी बदलत गेली, इथली आपल्या वाटेने चालली. तमिळच्या शेजारात तिने बरंच घेतलं, आणि आपण टाकून दिलेलं काही जपलंही.

काकांशी बोलताना मी पहिले काही महिने मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करत असे. हा काळ असा नाही, हे रूप असं नाही. मग मोडी कागदांत तशीच काही रूपं भेटू लागली, आणि मी गप्प झालो. दोष तिथे नव्हताच. चुकीचं माप मी लावत होतो.

फोन

त्या संध्याकाळी मी बंगळूरला फोन केला. मुलाला सांगितलं, गाडीचं आयुष्य संपलेलं नाही, चूक माझी होती, मी चुकीचं तेल घातलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांना सांगितलंत?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "आधी त्यांना सांगा. ते समजतायत की आपण म्हातारे झालो म्हणून पडलो."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गाडीवर आळ आला होता, तसा तो माणसावरही आला होता. काकांनी घरात कुणाला न विचारता छत्रीऐवजी काठी घ्यायला सुरुवात केली होती. मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

मी काकांना सांगितलं. तेल, गंधकाचा वास, उजवं-डावं तोंड, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "वही नीट वाचायची. त्यात डाव्या झाकणाचं वेगळं लिहिलंय, पुढच्या पानावर." मी वही काढली. पुढच्या पानावर, १९७४ सालच्या नोंदीत, त्यांच्या अक्षरात, खरंच लिहिलेलं होतं. कागद वाचणं हा माझा धंदा, आणि मी पान उलटलं नव्हतं.

प्लास्टर निघालं त्या रविवारी काका अंगणात आले. गाडी स्टँडवर होती. त्यांनी डावा हात लिव्हरवर ठेवला, हळूच दाबला, पुन्हा दाबला. मनगट जपत. मग क्लच दाबूनच किक खाली नेली, एकदा, दोनदा. गाडी सुरू केली. पहिला गिअर टाकला तेव्हा खाडकन आवाज आला नाही, नुसता टक झाला. गाडी जागेवर उभी राहिली. मग ती न्यूट्रलमध्ये आणली. क्लच सोडला. गाडी हलली नाही.

रस्त्यावर ते आता गाडी चालवत नाहीत. तो निर्णय त्यांचा, आणि त्यांनी तो प्लास्टर निघाल्यावर घेतला, आधी नाही. नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण आम्ही करून घेतलं. गाडी मी चालवतो. पण सकाळी क्लच दाबून पहिल्या दोन किका मारायचं काम काकांनी स्वतःकडे ठेवलंय. मी उठायच्या आत ते झालेलं असतं.

तर मंडळी, तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल आणि तिचा क्लच सुटत नसेल, तर लगेच तिच्या वयाला दोष देऊ नका. कधीपासून, सकाळी की दुपारी, आणि शेवटचा हात कुणाचा, हे तीन प्रश्न आधी विचारा. तिसऱ्याचं उत्तर देताना जरा जास्त वेळ घ्या.

पुढच्या भागात पुन्हा मोडीच्या रुमालांकडे येऊ. भेटू.